वागणे बिघडले कोणाचे?

शनिवारी दुपारी आमच्या सल्ला केंद्रात एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बहीण तिशीतली. नवरा मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारा. गावच्या घरात सासू, धाकटा दीर आणि ही. भाऊ म्हणाला, "हिचं वागणं बिघडलंय. सासरचे म्हणतात, घेऊन जा. आधी देवरशाकडे नेलं, उतारे झाले. मग डॉक्टर झाले. आता तुम्ही जरा समजावा तिला." आणि त्याने पिशवीतून फाईल काढली.

फाईल इंग्रजीत होती. तिचा मराठी अर्थ असा : चिडचिड करते. घरच्यांशी भांडते. कामात लक्ष नाही. रात्री झोपत नाही. रात्री जड वस्तू ओढत नेऊन दाराशी ठेवते. निदान : वर्तनसमस्या. खाली झोपेच्या गोळ्या.

जड वस्तू म्हणजे पाटा. घरातला वाटणाचा पाटा. तो दाराशी का नेते, हे फाईलमध्ये कुठेही नव्हते. कारण हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. आम्ही विचारला तेव्हा ती भावाकडे बघून गप्प बसली. भावाला आम्ही चहा आणायला पाठवले. मग ती एवढेच म्हणाली, "कडी सैल हाय, ताई. नुसती ढकलली तरी दार उघडतंय."

बाकीचे कळायला आणखी तीन शनिवार लागले. नवरा मुंबईला गेला की रात्री कोणाचा हात त्या दाराला लागत होता, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. जी बाई स्वतःच्या रक्षणासाठी जागी राहत होती, तिला आपण सगळ्यांनी मिळून झोपेची गोळी दिली होती. देवरशाने दिली, डॉक्टरने दिली, भावाने पाण्याचा पेला पुढे केला आणि "समजावा तिला" म्हणून आमच्याकडेही तेच मागितले.

मैत्रिणींनो, हा लेख मानसशास्त्राच्या विरोधात नाही. तो त्या शास्त्राच्या नावाने आपल्या गावागावांत जे चालते, त्याच्या विरोधात आहे.

आणले कोणी?

"वर्तनसमस्या" हा शब्द ताप किंवा कावीळ यांसारखा नाही. ताप अंगाला हात लावला की कळतो. वागणे "समस्या" आहे असे मात्र कोणालातरी वाटावे लागते. कोणाला वाटते, कोणाची अडचण होते, बाईला दवाखान्यात कोण घेऊन येते, यावर रोगाचे नाव ठरते. आणणारा बोलतो, बाई ऐकते, डॉक्टर लिहितो.

ही गोष्ट आजची नाही. १९०० साली व्हिएन्नामध्ये एका बापाने आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला सिग्मंड फ्रॉइडकडे आणले. ग्रंथांत ती "डोरा" या नावाने प्रसिद्ध आहे, खरे नाव इडा बाउअर. तिचा आवाज जाई, खोकला येई, घरच्यांशी पटत नसे. तिचे म्हणणे असे की, वडिलांच्या स्नेह्याने आपल्यावर हात टाकला. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. वडिलांचे त्याच स्नेह्याच्या बायकोशी संबंध होते, तेव्हा वडिलांना हे प्रकरण मिटायला हवे होते. ती कल्पना करते, असे त्यांनी सांगितले. फ्रॉइडने प्रसंग घडला हे मानले. पण त्या मुलीला त्या माणसाची किळस का आली, हा तिचा आजार ठरवला. तिच्या मनात दडलेली इच्छा आहे आणि ती मान्य करत नाही, असे अर्थ लावत राहिला. अकरा आठवड्यांनी ती मुलगी उठली आणि निघून गेली. १९०५ मध्ये फ्रॉइडने ही केस छापली, आणि पुढे कित्येक पिढ्यांचे मनोविश्लेषक तिच्यावरून शिकले.

याच फ्रॉइडने १८९६ मध्ये जाहीर व्याख्यानात सांगितले होते की, उन्मादाच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी त्याने हे मत सोडले. त्यामागे काय काय होते यावर अजून वाद चालतात. परिणाम मात्र स्पष्ट आहे. बाईच्या तोंडून आलेली हकिगत ही घडलेली गोष्ट न राहता तिच्या मनातली गोष्ट झाली. तो दरवाजा बंद झाला तो पाऊणशे वर्षे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची झोप उडाली, ते दचकू लागले, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या ताणविकाराला नाव दिले. सैनिक पुरुष होते, म्हणून "काय झाले?" हा प्रश्न विचारला गेला. स्त्रियांच्या संघटनांबरोबर काम करणाऱ्या ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवले की, घरात मार खाणाऱ्या बाईची आणि युद्धातून आलेल्या सैनिकाची लक्षणे एकाच जातीची आहेत. आमच्या फाईलमधली "झोपत नाही, चिडचिड करते, दाराशी वस्तू ठेवते" ही ओळ त्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा.

आणि डोक्यात नसले तरी दोष बाईचाच, हाही एक सिद्धांत होऊन गेला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या बाईनेच लिहिले की, स्किझोफ्रेनिया आईच्या वागण्यातून निपजतो. हे मत पुढे शास्त्रानेच टाकून दिले. आपल्या शाळांतून मात्र ते अजून जिवंत आहे. मूल वर्गात बसत नाही, मारामारी करते, की चिठ्ठी येते ती आईला. बाप दारू पिऊन मुलासमोर ताट भिरकावतो, त्याला चिठ्ठी जात नाही.

शिक्षा-बक्षिसाचे शास्त्र

दुसरी शाळा वर्तनवाद्यांची. वॉटसन, स्किनर आणि त्यांचे अनुयायी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या वागण्याने काही मिळते ते टिकते, ज्याने काही मिळत नाही ते विझते. हे सूत्र खोटे नाही. लहान मुलांच्या हट्टापासून मोठ्यांच्या भीतीपर्यंत त्याचा खरा उपयोग झाला आहे. पण बक्षीस कोणाच्या हातात आणि शिक्षा कोणाच्या हातात, हे हे शास्त्र आपणहून विचारत नाही. म्हणून सासरी सल्ला मिळतो, "ती रडायला लागली की लक्ष देऊ नका." मग रडणे थांबते. बाई सुधारली असे सगळे म्हणतात.

हेच सूत्र आपण उलटे धरून बघू. आपल्या भागात बाईच्या अंगात येते. जी सून एरवी सासूसमोर मान वर करत नाही, तिच्या अंगात आले की सगळे घर हात जोडून उभे राहते. तिला काय हवे ते विचारतात, तिचे ऐकतात. साध्या तोंडाने बोलले तर कोणी ऐकत नाही आणि देवीच्या तोंडाने बोलले तर ऐकतात, असे ज्या घराने शिकवले, त्या घराचे वागणे तपासायला नको का? त्याऐवजी आपण तिला झाडाला बांधतो, मिरच्यांची धुरी देतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक वाडीत सांगायला हवे.

आता मारणाऱ्या नवऱ्याला हे सूत्र लावा. त्याने हात उगारला की भांडण त्याच्या मनासारखे मिटते. जेवण गरम मिळते. पैशाचा हिशेब कोणी विचारत नाही. शेजारी म्हणतात, घरातला मामला आहे. पोलीस पाटील म्हणतो, सांभाळून घे. म्हणजे दर वेळी बक्षीस, आणि शिक्षा कधीच नाही. स्किनरचे पुस्तक न वाचताही सांगता येईल की हे वागणे टिकणार आणि वाढणार. इतकी स्वच्छ वर्तनसमस्या दुसरी नाही. तरी तिची फाईल होत नाही, कारण त्या माणसाला कोणी दवाखान्यात आणत नाही.

याच शाळेतून आलेला एक शब्द आपल्या शिबिरांतही रुळला : "शिकलेली असहाय्यता". १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही केले तरी विजेचा धक्का चुकत नाही असे ज्यांना कळले, ते कुत्रे पुढे वाट मोकळी असतानाही उठले नाहीत. १९७९ मध्ये लेनोर वॉकर यांनी हे मारहाण सोसणाऱ्या बायकांना लावले. आपणही म्हणत आलो, "ती असहाय्यता शिकली आहे." पण मायर आणि सेलिग्मन यांनीच २०१६ मध्ये मेंदूवरील पुढच्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धांत उलटा केला. न चुकणाऱ्या माराखाली खिळून बसणे ही शरीराची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते "माझ्या हाताने काही बदलू शकते" हे. आपल्या कामाला याहून मोठा आधार कोणता? बाई चुकीचे शिकली असे म्हणत तिला दोष देऊ नका. तिच्या हाताने काहीतरी एक बदलेल असे करा. रेशनकार्डावर नाव, बँकेत खाते, दाराला नवी कडी. तिथून पुढचे ती करते.

विचार बदला, नवरा नको

तिसरी शाळा सध्या सगळ्यात चलतीत आहे. दुःख प्रसंगातून येत नाही, प्रसंगाबद्दलच्या विचारातून येते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करणारे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणि महाराष्ट्रात रुजवली. "मला सगळ्यांनी चांगले म्हटलेच पाहिजे", "लग्न मोडले म्हणजे आयुष्य संपले" हे हट्ट तपासायला ही पद्धत शिकवते. "लोक काय म्हणतील" या एका वाक्याखाली चिरडलेल्या किती बायकांना तिने उभे केले, हे आम्ही पाहिले आहे. चळवळीनेही ती शिकावी.

पण अर्धी शिकून आलेला समुपदेशक काय करतो? "त्याने मारले हा प्रसंग. त्याचा तुम्ही कसा अर्थ लावता ते महत्त्वाचे. अपेक्षा कमी करा." एलिस यांनी अन्याय सोसा असे कधी सांगितले नाही. मन शांत करा, ते प्रसंग बदलण्याचे बळ यावे म्हणून, असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे पहिले वाक्य पोचले, दुसरे वाटेत गळाले. "जुळवून घ्या" हे आजी सांगायची तेच आता खुर्चीत बसून, फी घेऊन सांगितले जाते.

पाटा ओढणाऱ्या बाईचा विचार चुकीचा नव्हता. कडी सैल होती.

आमचीही चूक

इथपर्यंत वाचून ज्यांना बरे वाटले, त्यांनी पुढचेही वाचावे. आम्हीही एका बाईच्या बाबतीत चुकलो आहोत.

तिला आवाज ऐकू येत. शेजारीण आपल्याबद्दल बोलते, भिंतीतून बोलते, असे ती सांगे. नवरा त्रास देतो हेही खरे होते. आम्ही म्हटले, हा सगळा छळाचा परिणाम आहे, हिला वेडी ठरवण्याचा कट आहे. तिने गोळ्या बंद केल्या. आम्ही तिला सभेत उभे केले, तिच्या धैर्याचे कौतुक केले. दोन महिन्यांनी ती भर पावसात रात्री घराबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी दूरच्या एका गावात सापडली. पुढे उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले. ती आता नवऱ्यापासून वेगळी राहते आणि काजूच्या कारखान्यात जाते. ती आम्हाला म्हणाली, "तुम्ही माझं नवऱ्याचं ऐकलंत. आवाजाचं नाही ऐकलंत."

म्हणजे आम्हीही तेच केले. आमच्या सिद्धांतात बसेल तेवढे ऐकले. आजार असतो. औषधाने तो आटोक्यात येतो. बाईवर अन्याय होत असतानाही तिला आजार असू शकतो, आणि आजार असतानाही तिच्यावर अन्याय होत असतो. "सगळे डोक्यात आहे" हे जितके खोटे, तितकेच "सगळे पितृसत्तेत आहे" हेही. स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न आपल्या चळवळीपुढे चिकाटीने मांडणाऱ्या भार्गवी दावर २०२४ मध्ये गेल्या. त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या बापू ट्रस्टचे काम बघायला आपल्यातल्या किती जणी गेल्या होत्या?

फाईलचा उपयोग काय होतो

आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींवर आपले फार प्रेम म्हणून नव्हे, तर पुरुष मुंबईला, आखातात आणि जहाजावर असतात म्हणून. मागे राहिलेली बाई शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले ओढते, आणि निर्णय फोनवरून येतात. तिला फाईल चिकटली की ती तिच्यामागे तीन ठिकाणी जाते.

पहिले ठिकाण कोर्ट. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने "असाधारण आक्रमक किंवा गंभीरपणे बेजबाबदार वर्तन" घडवणारा मनोविकार घटस्फोटाला कारण म्हणून आला. बेजबाबदार म्हणजे काय? भात करपला? सासूला उलट बोलली? सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता खटल्यात सांगितले की, आजाराचे नाव पुरेसे नाही. तो इतका तीव्र आहे की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, हे सिद्ध व्हावे लागते. हा निकाल आपल्या वकिलाला माहीत आहे का, ते विचारा.

दुसरे ठिकाण मालमत्ता. "तिला समजत नाही" म्हणून सातबाऱ्यावरचे नाव, हक्कसोडपत्र, अंगठा.

तिसरे ठिकाण कुलूप. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याबरोबर राज्याच्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. वेड्यांना कोंडण्याच्या इंग्रजी कायद्यांपासून १९१२, १९८७ आणि २०१७ पर्यंतचे सगळे कायदे त्याने पाहिले. अशा संस्थांतून बरी झालेली बाई घरी नेण्यास माणसे येत नाहीत, ही देशभरची रड आहे. पुरुष बरा झाला की बायको न्यायला येते. बाई बरी झाली की नवऱ्याचा पत्ता बदललेला असतो.

आणि सोय म्हणजेच उपचार ठरला की काय होते, ते आपण १९९४ मध्ये पाहिले. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या, त्या वेळच्या भाषेत "मतिमंद", मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली. कारण सांगितले, पाळीची स्वच्छता राखता येत नाही. तेव्हा महिला संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या.

हत्यारे आपल्या हातात आहेत

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो प्रत्येक केंद्रात असावा आणि यातली कलमे कार्यकर्त्यांना पाठ असावीत.

कलम ३ : समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक चालीरीतींप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मनोविकाराचे निदान झाले म्हणून बाई आपोआप "भ्रमिष्ट" होत नाही, ते फक्त कोर्ट ठरवते.

कलम १४ : आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे बाई साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवू शकते. तो नवराच असला पाहिजे असे नाही. मैत्रीण चालते, कार्यकर्ती चालते, तिची लेखी संमती हवी.

कलम १९ : घरचे नेत नाहीत एवढ्या कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येत नाही.

कलम २० : सक्तीने केस कापायचे नाहीत, सक्तीने काम करून घ्यायचे नाही, पाळीच्या काळातल्या गरजांची सोय करायची.

कलम २५ आणि २७ : आपले कागद बघण्याचा आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क.

कलम ९५ : भूल न देता विजेचे झटके, साखळदंड, आणि मनोविकाराचा उपचार म्हणून नसबंदी यांना बंदी.

दिराच्या विरोधात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहेच. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करून त्याला तिच्या खोलीकडे फिरकू नये असा आदेश मागता येतो. आणि दवाखान्यातच छळाची विचारपूस होऊ शकते, हे मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये सुरू झालेल्या "दिलासा" केंद्राने दाखवून दिले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असे का असू नये? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या केंद्रात तरी एवढे पाळू या. फाईल आधी वाचायची नाही, बाईला आधी ऐकायचे. आणणाऱ्याला बाहेर बसवायचे. "तू असं का करतेस?" याऐवजी "काय झालं?" विचारायचे. जे "विचित्र" वाटते ते कधी, कुठे, कोण घरात असताना होते, हे नोंदवायचे. आवाज, भास, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, तोवर १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोलायचे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, कोणाला करायला सांगायच्या नाहीत. आणि डॉक्टरला विचारायचे की, साहेब, तुम्ही हिला एकटीला किती मिनिटे भेटलात?

ती बाई सध्या माहेरी आहे. भावाने सुरुवातीला कुरकुर केली, आता तोच तारखांना बरोबर येतो. नव्या डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून ऐकले, गोळ्या हळूहळू कमी केल्या. माहेरच्या घरी पाटा चुलीपाशीच असतो. दीर गावात उजळ माथ्याने फिरतो. यंदा पालखीतही होता. त्याचे वागणे बिघडले आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही, त्याची फाईल कोणी केलेली नाही.

तुमच्या केंद्रात अशा किती फायली आहेत? नाव-गाव न देता लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या सगळ्या एकत्र ठेवून वाचू या.